हात मागे बांधून केलेली मदत

काका पलंगाच्या कडेला बसलेत. मांडीवर शर्ट आहे. उजव्या हातानं त्यांनी कॉलर शोधली, सोडून दिली, मग बाही चाचपली. डावा हात बाजूला तसाच पडून आहे, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा. समोर मदतनीस मुलगा उभा आहे, हात पाठीमागे बांधून. चार मिनिटं झाली. दारात काकू उभ्या आहेत आणि त्यांना हे बघवत नाही. "अरे, घालून दे ना त्यांना. दोन मिनिटांचं तर काम." मुलगा नुसती मान हलवतो. आणखी थोडा वेळ जातो. मग तो विचारतो, "काका, आधी कुठला हात?" काका शर्टाकडे बघतात, हाताकडे बघतात. "डावा," म्हणतात, आणि उजव्या हातानं डावा हात उचलून बाहीत सारायला लागतात.

परक्या माणसाला वाटेल, हा पोरगा पगार घेतो आणि नुसता उभा राहतो. माझ्या मते त्या सकाळी त्यानं केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ती चार मिनिटं. ती अवघड का, हे समजलं की मेंदूच्या दुखापतीनंतरचं पुनर्वसन बरंचसं समजतं.

हे काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. मेंदूला मार बसलेल्या घरांमध्ये ज्या सकाळी उजाडतात, त्यांतल्या काही एकत्र करून मी हे चित्र उभं केलंय. त्यांचा स्वभाव, काकूंची घालमेल आणि त्या मुलाचे बांधलेले हात मात्र तुम्हाला अशा कुठल्याही घरात भेटतील.

आत काय बिघडतं

दुखापत अनेक वाटांनी येते. रस्त्यावरचा अपघात, उंचावरून पडणं, डोक्यावर बसलेला फटका. किंवा बाहेरून ओरखडाही न उठता आलेला पक्षाघात, मेंदूज्वर, हृदय काही मिनिटं बंद पडल्यामुळे थांबलेला प्राणवायू. अपघातात काय होतं ते डोळ्यांसमोर आणायला सोपं आहे. जेमतेम दीड किलोचा हा मऊ अवयव कवटीत द्रवामध्ये तरंगत असतो. वेगात असलेलं डोकं एकदम थांबतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढं जातच राहतो. कवटीची आतली बाजू कपाळामागं आणि कानशिलांमागं खडबडीत आहे, त्यामुळे मेंदूचे नेमके तेच भाग घासले जातात. शिवाय पेशींना पेशींशी जोडणारे लांब, बारीक धागे ताणले जातात, काही तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे तुटलेले धागे पुष्कळदा दिसतच नाहीत. "रिपोर्ट तर चांगला आलाय, मग हे असे का वागतात?" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथं आहे.

दवाखान्यात पहिल्या दिवशी कानावर पडणारा आकडा म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ती मोजपट्टी १९७४ साली मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, यावरून ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. घरचे लोक हा आकडा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, पण तो आहे पहिल्या काही तास-दिवसांचा. पुढचं आयुष्य कसं जाईल याचा अंदाज बांधायला वेगळी गोष्ट जास्त उपयोगी पडते: शुद्धीवर आल्यावर रोजच्या आठवणी पुन्हा सलग साठायला किती दिवस लागले? दोन तास, दोन दिवस की दोन महिने?

भरून येण्याचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. सूज उतरते, दबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, आणि घरच्यांना रोज काहीतरी नवं दिसतं. मग वेग मंदावतो. या टप्प्यावर "आता जे आहे ते आहे" असं कुणीतरी म्हणून जातं आणि घरातला धीर सुटतो. ते पूर्ण खरं नाही. आपोआप होणारी सुधारणा मंदावलेली असते, पण शिकून होणारी सुधारणा पुढं कित्येक वर्षं चालू शकते. फरक इतकाच की ती सरावानं मिळवावी लागते, आणि सराव म्हणजे रोज तेच काम, त्याच जागी, त्याच क्रमानं. थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोन तास भेटतो. उरलेला आठवडा कुणाचा? तो सपोर्ट वर्करचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या मदतनिसाचा.

आळशी नाही, अडकलेला

हात लुळा पडला तर दिसतो. न दिसणारं नुकसान जास्त छळतं.

मेंदूचा पुढचा भाग काम सुरू करतो, क्रम लावतो, मध्येच आलेली ऊर्मी आवरतो आणि चुकलं तर सावध करतो. तो दुखावला की माणूस चालतो, बोलतो, कोडीही सोडवतो, पण दिवस चालवू शकत नाही. अंघोळ करायची हे त्याला ठाऊक असतं, करायची इच्छाही असते, तरी तो तासभर पलंगावर बसून राहतो, कारण 'ऊठ' ही आज्ञा आतून निघतच नाही. बाहेरून कुणी "चला" म्हटलं की उठतो. घरचे याला आळस म्हणतात. शब्द चुकीचा आहे आणि तो लागतोही फार.

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये ही गोष्ट फार छान दाखवली. पुढच्या भागाला दुखापत झालेले तीन जण त्यांनी निवडले. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत तिघंही चांगले होते. मग त्यांना दुकानांच्या रस्त्यावर पाठवलं. कामं साधीच होती: काही वस्तू आणायच्या, काही माहिती काढायची, ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर व्हायचं, दोन-चार नियम पाळायचे. तिथं त्यांचा गोंधळ उडाला. कामं अर्धी राहिली, नियम मोडले, नको तितके हेलपाटे झाले. परीक्षेच्या खोलीत जमणारं रस्त्यावर का जमेना? कारण खोलीत समोरचा माणूस सांगत असतो: आता हे करा, थांबा, आता पुढचं. म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम परीक्षकच करत असतो.

मदतनीसही सुरुवातीला तेच करतो. आपला शाबूत मेंदू तो दुसऱ्याला उसना देतो. मात्र उसनं दिलेलं हळूहळू परत घ्यायचं असतं, याचा अनेक चांगल्या मदतनिसांनाही विसर पडतो.

फिनिअस गेजची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर स्फोट होऊन मीटरभर लांब, सहा किलो वजनाची लोखंडी कांब या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो जगला, पण "तो पूर्वीचा गेज राहिला नाही". पाठ्यपुस्तकं सहसा इथंच थांबतात. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. गेजनं आधी घोड्यांच्या तबेल्यात काम केलं, मग चिलीला जाऊन अनेक वर्षं घोडागाडी हाकली. १८६० मध्ये तो वारला. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचा तर्क असा की त्या नोकरीनंच त्याला सावरलं असावं: पहाटे ठरल्या वेळी उठणं, घोडे जुंपणं, ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, उतारूंशी नीट वागणं. आतला क्रम मोडला होता, बाहेरचा घट्ट होता. तर्कच आहे, पण मेंदूच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या कुणालाही तो पटेल. वेळापत्रक कंटाळवाणं असणं हाच इथं त्याचा गुण.

आणखी दोन गोष्टी, ज्यांवरून घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात.

एक, दमणं. शरीराची साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा मेंदू खातो. पूर्वी आपोआप होणारी गोष्ट आता प्रत्येक पायरीला लक्ष देऊन करावी लागते, त्यामुळे शर्ट घालून झाला की माणूस मजुरी करून आल्यासारखा गळून जातो. हे झोपेनं जाणारं दमणं नाही. अवघड काम सकाळी ठेवायचं, आणि दमल्यावर नव्हे तर दमायच्या आधी विसावा द्यायचा. एवढ्यानंही संध्याकाळची चिडचिड बरीच उतरते.

दुसरी, स्वतःच्या उणिवेची जाणीवच नसणं. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ साली याला वैद्यकीय नाव दिलं. माणूस छातीठोकपणे सांगतो, "मला काही झालेलं नाही, मी आजपासून कामावर जातो." तो खोटं बोलत नसतो, हट्टही करत नसतो, चूक पकडणारं यंत्रच बिघडलेलं असतं. वाद घालून उपयोग शून्य. जाणता मदतनीस काम सुरू व्हायच्या आधी विचारतो, "काका, किती वेळ लागेल? माझी मदत कितीदा लागेल?" काका म्हणतात, "पाच मिनिटं. मदत कशाला?" हे कागदावर लिहून ठेवायचं. काम झाल्यावर खरा आकडा शेजारी लिहायचा. टोमणा मारायचा नाही, कागद बोलतो. काही आठवड्यांनी पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ सरकू लागतो.

आठवण नसली तरी हात शिकतो

"त्यांच्या काही लक्षातच राहत नाही, मग शिकवून काय फायदा?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका अमेरिकन माणसाच्या आयुष्यातून मिळालं. हेन्री मोलायसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर नवी आठवण साठवण्याची क्षमताच गेली. भेटून गेलेला माणूस पाच मिनिटांत परका. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना एक काम दिलं: आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. हे कुणालाही सुरुवातीला जमत नाही. तीन दिवसांच्या सरावानं मोलायसन यांचा हात सफाईनं चालू लागला, आणि तरी दरवेळी त्यांना वाटे की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. ऐकलेलं-पाहिलेलं आठवण्याची यंत्रणा एक आणि हाताला वळण लागण्याची दुसरी, हे त्यातून कळलं. एक बुडाली तरी दुसरी तरंगत राहू शकते.

म्हणून व्हीलचेअरवरून उठायचा क्रम (दोन्ही ब्रेक, पावलं ठेवायच्या पट्ट्या वर, पुढं सरकणं, मग उभं राहणं) पाठ होत नाही अशा माणसाच्याही अंगवळणी पडू शकतो. अट एक: क्रम दरवेळी तोच हवा.

आता यातली खोच. अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की ज्यांची स्मरणशक्ती फार दुखावलेली आहे त्यांना अंदाज बांधून चुकू देण्यापेक्षा चुकूच न देता शिकवलं तर जास्त टिकतं. शाळेत आपण याच्या उलट ऐकत आलो, चुकशील तेव्हा शिकशील. पण चुकीतून शिकायला 'मी चुकलो होतो' हे लक्षात राहावं लागतं. ते राहत नसेल, तर केलेली चूकच सवय होऊन बसते. अशा माणसाला "सांगा बरं, आता काय?" असं कोड्यात टाकायचं नाही. पायरी आधीच सांगायची, हाताला हात लावून करून घ्यायची, आणि मग एकेक आधार कमी करत जायचं.

मग आपल्या काकांसमोर तो मुलगा चार मिनिटं का थांबला? कारण काकांची स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत आहे. त्यांचा घोटाळा वेगळा. मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसल्यामुळे डावीकडचं जगच त्यांच्या लक्षातून निसटतं. नजर चांगली आहे, पण डावीकडे जावंसं तिला वाटत नाही. दाढी करतात ती अर्ध्या चेहऱ्याची, चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो, वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला लागतात. (पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढून द्यायची आणि ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायला शिकवायचं, हा साधा आणि जुना उपाय आहे.) अशा माणसाला स्वतः अडकून स्वतः सुटण्याची संधी लागते. त्याला चूक दिसली, ती त्यानंच सुधारली, तरच ती जाणीव त्याची होते.

थोडक्यात, एकाला चुकू द्यायचं नाही आणि दुसऱ्याला चुकायला वाव द्यायचा. कुणाला काय, हे ठरवणं ऑक्युपेशनल थेरपिस्टचं (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाचं) आणि मेंदू-मानसशास्त्रज्ञाचं काम. ते रोज पाळणं मदतनिसाचं. 'प्रेमळ आहे, खूप करतो' एवढ्यावर मदतनीस ठेवणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. प्रेमळपणा लागतोच, पण आपण नेमकं काय करायचं नाही हे त्याला ठाऊक आहे का?

मदतीच्या पायऱ्या

मदत म्हणजे केली किंवा नाही केली, असं नसतं. मध्ये जिना आहे. सगळ्यात कमी मदत म्हणजे थांबणं. मग मोघम प्रश्न: "आता पुढं?" मग नजरेनं किंवा बोटानं खूण. मग सरळ सांगणं: "डावा हात बाहीत." मग कोपराला हलका स्पर्श. मग हातात हात घेऊन सोबत करणं. सगळ्यात शेवटी, त्यांच्या वतीनं करून टाकणं. काकांच्या बाबतीत जिना खालून वर चढायचा, कमीत कमी मदतीपासून. ज्यांना चुकू द्यायचं नाही, त्यांच्या बाबतीत वरून खाली उतरत यायचं. दोन्हीकडे पायरीवर थांबून काही क्षण वाट बघावी लागते. दुखावलेला मेंदू सावकाश चालतो. प्रश्न विचारून दोन सेकंदांत दुसरा विचारला, तर पहिल्याचं उत्तर शोधत असलेला माणूस दोन्ही हरवून बसतो.

काम तुकड्यांत तोडायचं हेही आलंच. शर्ट घालणं म्हणजे काकांसाठी नऊ तुकडे आहेत. दुबळा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. बटणं खालून वर लावायची, म्हणजे दोन्ही कडा जुळतात आणि डोळ्यांना खालचं बटण नीट दिसतं. कधी कधी शेवटाकडून शिकवणं सोपं जातं: आठ तुकडे मदतनीस करतो, शेवटचं बटण तेवढं काका लावतात. दुसऱ्या आठवड्यात शेवटचे दोन. प्रत्येक सकाळ 'मी पूर्ण केलं' या क्षणावर संपते, आणि त्या क्षणाची भूक लागते.

एका घरात दोन-तीन मदतनीस पाळीनं येत असतील तर सगळ्यांचे शब्द एकच हवेत. एक म्हणतो "ब्रेक लावा", दुसरी म्हणते "चाक लॉक करा", तिसरा काही न बोलता स्वतःच लावून मोकळा होतो. आपल्याला हे तिन्ही एकच वाटतं, दुखावलेल्या मेंदूला तीन वेगळी कामं वाटू शकतात. म्हणून वही लागते. "आजचा दिवस चांगला गेला" या नोंदीचा काडीचा उपयोग नाही. "शर्ट: ११ मिनिटं, दोनदा विचारावं लागलं, डावी बाही स्वतः" ही नोंद उद्या येणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते सांगते.

पुनर्वसन केंद्रांत एफआयएम नावाची मोजपट्टी वापरतात. रोजच्या जगण्यातल्या १८ बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. ७ म्हणजे संपूर्ण स्वावलंबी. १ म्हणजे जवळपास सगळं दुसऱ्यानंच केलेलं. मला त्यातले ५ आणि ६ हे आकडे फार बोलके वाटतात. ५ म्हणजे हात लावावा लागत नाही, पण कुणीतरी जवळ थांबून लक्ष ठेवावं किंवा आठवण करावी लागते. ६ म्हणजे काठी, आधाराचा बार, फळा, गजर काहीही लागो, वेळ दुप्पट लागो, पण दुसरा माणूस लागत नाही. ६ हा स्वावलंबनातच धरतात. मदतनिसाची खरी कसोटी या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे: "मी आठवण करतो म्हणून होतं" यातला 'मी' काढून तिथं एखादी वस्तू ठेवायची.

ती वस्तू काय असू शकते, याची एक कथा आहे. मोबाइल घरोघरी पोचण्याआधी कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड नावाच्या इंजिनिअरच्या मुलाला मेंदूची दुखापत झाली. मुलगा गोष्टी विसरायचा. वडिलांनी मेंदू-मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांच्या जोडीनं कमरेला लावायच्या पेजरवर ठरल्या वेळी सूचना पाठवणारी यंत्रणा बनवली, न्यूरोपेज. पुढं बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १४३ जणांवर तिची चाचणी घेतली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांनी चाचणी पूर्ण केली, त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांची रोजची कामं पेजर असताना लक्षणीय सुधारली. काहींची सवय तर पेजर काढून घेतल्यावरही टिकली.

आता तो पेजर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, तरी पुष्कळ घरांत तो नीट वापरला जात नाही. हौसेनं दिवसाला पंधरा गजर लावतात. चौथ्या दिवसापासून माणूस आवाज आला की बोटानं बंद करतो, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. सुरुवात एका गजरानं करावी. त्यावर नुसतं 'औषध' असं लिहू नये, "डबीतली सकाळची गोळी आत्ता घ्या" असं लिहावं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. आणि गजर वाजला की मदतनिसानं तोंड बंद ठेवावं. तो लगेच "काका, गोळी" म्हणाला, तर काका फोनचं ऐकायला कधीच शिकणार नाहीत.

स्वावलंबी म्हणजे एकटा?

इथवर वाचून असं वाटेल की मदतनिसानं शेवटी निघून जायचं, तेव्हाच पुनर्वसन यशस्वी. काही जणांचं तसं होतंही. पण पुष्कळांना जन्मभर थोडी किंवा बरीच मदत लागते, आणि त्यांना परावलंबी म्हणायला मी तयार नाही.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं शरीर जवळजवळ सगळंच निकामी झालं. रात्री श्वासासाठी त्यांना लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात झोपावं लागे. त्यांना कपडे दुसरेच घालत. तरी ते विद्यापीठात शिकले, आणि १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभारण्यात पुढं होते. त्या चळवळीचं म्हणणं असं की कपडे कुणाच्या हातांनी चढले हे गौण. कुठले घालायचे, कधी उठायचं, कुठं जायचं आणि मदतीला कोण येणार, हे कोण ठरवतं? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग हक्क करारातल्या १९ व्या कलमात हेच धरून व्यक्तिगत मदतनिसाचा उल्लेख आहे.

मेंदूच्या दुखापतीत याला एक पीळ बसतो. पोलिओत निर्णय घेणारं यंत्र शाबूत असतं, इथं तेच दुखावलेलं असू शकतं. म्हणून निर्णय दोन टोकांना हिंदकळतात: "त्यांना काय कळतंय, आम्हीच ठरवू" किंवा "त्यांची मर्जी" म्हणून हात झटकणं. मधली वाट कष्टाची आहे. पर्याय दोनच ठेवणं. ते बोलून न दाखवता समोर मांडणं, म्हणजे प्रत्यक्ष दोन शर्ट. वेळ देणं. उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी, धोका नसेल, तर तेच मानणं.

आणि थोडा धोका असेल तर? अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये यावर लिहिताना 'जोखमीची प्रतिष्ठा' अशा अर्थाचा शब्दप्रयोग वापरला: माणसाला सगळ्या जोखमींपासून वाचवणं म्हणजे त्याचा माणूस म्हणून मान काढून घेणं. बसनं एकट्यानं जाणं घ्या. पहिल्या फेऱ्यांत मदतनीस शेजारच्या सीटवर. मग दोन रांगा मागे. मग तो बसमध्ये नाहीच, उतरायच्या थांब्यावर उभा. मग तिथंही नाही, फक्त पोचल्याचा फोन. खिशात पत्त्याचं कार्ड, आणि 'थांबा चुकला तर काय' याची आधीच दोनदा रंगीत तालीम, मुद्दाम थांबा चुकवून. या फेऱ्यांना दोन-तीन महिने लागू शकतात. अपघातानंतर ज्यांना झटके येतात, त्यांच्या बाबतीत मात्र हा आराखडा डॉक्टरांशी बोलूनच, आणि झटका आला तर काय करायचं हे मदतनिसाला आधी शिकवूनच.

काकूंबद्दल बोलायचं राहिलं. घालून दे म्हणणाऱ्या काकू चूक आहेत असं मला मुळीच वाटत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसून रात्री काढलेल्या माणसाला नवऱ्याची धडपड बघणं सोसत नाही, त्यात उशीर होतोय, गॅसवर काहीतरी आहे, आणि दिवसभराची कामं पुढं पडलीत. बायकोनं नर्सही व्हायचं, थेरपिस्टही व्हायचं, हा भार तिला बायको राहू देत नाही. मदतनीस आल्यावर पहिले काही दिवस काकूंना खोलीतच येऊ नका असं सांगावं लागलं, त्यांना राग आला. मग एके दिवशी त्या त्याच वेळात मैत्रिणीकडे जाऊन आल्या. याचीही नोंद वहीत हवी होती, असं मला वाटतं.

उलटा धोकाही असतो. एखादा मदतनीस इतका जिवाभावाचा होतो की तो रजेवर गेला की काका जेवायलाही उठत नाहीत. चूक कुणाचीच नसते, पण तो एकच माणूस म्हणजे त्यांचं वेळापत्रक, त्यांची आठवण आणि त्यांचा मित्र, असं सगळं होऊन बसलं असेल तर तो सोडून गेल्यावर महिन्यांची कमाई वाहून जाते. म्हणून दुसरा माणूस आधीपासून अधूनमधून येत राहावा, आणि काकांना जमतं ते त्या मुलाच्या चेहऱ्याशी न जोडता फळ्याशी, वहीशी, गजराशी जोडावं.

सातव्या महिन्यातली एक सकाळ. मुलगा आता खोलीबाहेर थांबतो, दार अर्धवट उघडं. आतून बराच वेळ आवाज नाही. तो डोकावत नाही. पुढं काका बाहेर येतात, चपला घालतात, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणतात. त्या दिवशी त्यांनी बटणं वरून लावायला घेतलेली दिसतात, एक घर चुकलंय, कॉलरची एक बाजू कानाजवळ चढलीय. काकू काही बोलायला तोंड उघडतात. मुलगा त्यांच्याकडे बघतो, हात पुन्हा पाठीमागे बांधून. काकू गप्प राहतात. काका डावा खांदा चौकटीपासून जपत दारातून बाहेर पडतात.